गाडीवरची जाहिरात : परवानगी कोणाची आणि कशी?

टेम्पो, रिक्षा, टूरची मोटार यांवर जाहिरात लावण्याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. सगळ्या उत्तरांना लागू पडणारी एक गोष्ट आधीच सांगतो. गाडीचा विषय आरटीओकडे आणि जाहिरातीचा विषय महापालिकेकडे असतो. एका कार्यालयाची परवानगी दुसऱ्याकडे चालत नाही, आणि ‘आम्ही रोज लावतो, काही होत नाही’ हे स्टिकरवाल्याचे आश्वासन तर दोन्हीकडे चालत नाही. म्हणून डिझाइन कागदावर असतानाच ही चौकशी करा. छपाई झाल्यावर केली, तर पैसे वाया गेलेले असतात.

प्रश्न : नाशिकमध्ये आमची बेकरी आहे. माल पोचवायला बंद बॉडीचा छोटा हत्ती घेतला. त्यावर बेकरीचे नाव, केकचे फोटो, फोन नंबर असे पूर्ण रॅपिंग (गाडीभर छापील स्टिकर) करायचे आहे. गाडी आमची, जाहिरातही आमचीच. तरी परवानगी लागते का? (बेकरीचालक, नाशिक)

‘स्वतःच्या धंद्याची जाहिरात असेल तर परवानगी नको’ हा समज सर्वत्र आहे. तो अर्धवट वाचनातून आला आहे. मुंबईबाहेरच्या महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २४५ मध्ये अशी सूट आहे खरी, पण ती ज्या जागेत किंवा इमारतीत धंदा चालतो तिथेच लावलेल्या, प्रकाशित नसलेल्या फलकासाठी आहे. म्हणजे बेकरीच्या दारावरच्या पाटीसाठी. रस्त्यावर फिरणारी गाडी त्या सवलतीत आपोआप येत नाही. उलट त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, जाहिरातीसाठी वापरलेला चाकांवरचा हलता फलकसुद्धा ‘संरचना’ या शब्दात, म्हणजे परवानगी लागणाऱ्या गोष्टींत, धरला आहे. मुंबईसाठी हीच तरतूद १८८८ च्या अधिनियमात कलम ३२८-अ खाली आहे.

तुमची गाडी पाव पोचवते, ती फलक म्हणून फिरत नाही, हे तुमचे म्हणणे रास्त आहे. गाडीवर दुकानाचे नाव, पत्ता आणि फोन एवढेच असेल तर ते आणखी भक्कम ठरते. पण तिन्ही बाजूंनी केकचे फोटो आणि ‘आजच ऑर्डर करा’ असे लिहिले, की ती जाहिरात नाही असे सांगणे अवघड होते. यावर मार्ग एकच. महापालिकेच्या जाहिरात परवाना विभागाला डिझाइन जोडून लेखी विचारा आणि अर्ज आवक-जावक विभागात देऊन शिक्क्याची पोच घ्या. तोंडी ‘चालेल’वर थांबू नका. अधिकारी बदलतात, कागद राहतो.

आरटीओच्या बाजूने पाहायचे तर तुमची गाडी मालवाहू आहे. म्हणजे बाजूला लिहिलेले मालकाचे नाव-पत्ता, रिकाम्या गाडीचे वजन आणि कमाल भारित वजन हा मजकूर रॅपिंगखाली जाता कामा नये. झाकला जाणार असेल तर डिझाइनमध्येच त्याच जागी, वाचता येईल अशा अक्षरांत पुन्हा घ्या. बॉडीवरच्या परावर्तक पट्ट्यांचेही तेच : पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. या पट्ट्यांवर व्हिनाइल (छापील स्टिकरचा प्लास्टिकचा पापुद्रा) चढवणे ही रॅपिंगमधली सर्वांत जास्त होणारी चूक आहे आणि सर्वांत धोक्याचीही. रात्री बंद पडलेला टेम्पो मागून येणाऱ्याला दिसतो तो या पट्ट्यांमुळे. डिझायनरला गाडीचा फोटो देताना पट्ट्या, दिवे, इंडिकेटर, नंबर प्लेट आणि डिझेलचे झाकण या जागा लाल रेघेने आखून ‘इथे काही नको’ असे लिहून द्या.

प्रश्न : अर्जाबरोबर नेमके काय द्यायचे? शुल्क कशावर ठरते? (छपाई व्यावसायिक, पुणे)

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हे काम आकाशचिन्ह (आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा उंच फलक) व परवाना विभागाकडे आहे, मुंबईत अनुज्ञापन खात्याकडे. मुंबईबाहेरच्या महापालिकांत आकाशचिन्ह व जाहिरात प्रदर्शनाचे २०२२ चे नियम आधाराला घेतले जातात. दर मात्र प्रत्येक महापालिका आपला ठरवते, म्हणून दुसऱ्या शहरातल्या ओळखीच्याने सांगितलेला आकडा धरून ग्राहकाला कोटेशन देऊ नका.

अर्जाची फाइल एकदाच नीट बांधा. आरसी, विमा, पीयूसी. व्यावसायिक गाडी असेल तर फिटनेस आणि परमिट. मालक आणि जाहिरातदार वेगळे असतील तर मालकाचे संमतिपत्र आणि दोघांमधला करार. सध्याच्या गाडीचे चारही बाजूंचे फोटो, आणि त्याच चार बाजूंचे रंगीत डिझाइन, प्रत्येक बाजूवर लांबी-उंची लिहिलेले. या शेवटच्या कागदावर बहुतेक अर्ज अडतात. नुसते सुंदर चित्र जोडलेले असते, माप नसते. गाडी दिवसभर फिरती प्रसिद्धी करणार असेल तर वाहतूक पोलिसांचे ना-हरकत पत्र लागेल का, हे अर्ज देतानाच विचारून घ्या. ते मागाहून मागितले तर हंगाम निघून जातो.

शुल्क क्षेत्रफळावर ठरते, म्हणून हिशेब तुम्हीच आधी मांडा. समजा बंद बॉडीची बाजू ७ फूट × ५ फूट आणि मागचा भाग ५ × ५ आहे. दोन बाजूंचे ७० आणि मागचे २५, मिळून ९५ चौरस फूट. चौरस मीटरमध्ये करायला १०.७६४ ने भागा : साधारण ८.८३. बाजूचा फक्त निम्मा भाग छापणार असाल तर अर्जात तेवढेच क्षेत्र दाखवा आणि प्रत्यक्षात तेवढेच लावा. बहुतेक ठिकाणी परवान्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च धरतात. फेब्रुवारीत परवाना काढला तर एप्रिलमध्ये पुन्हा शुल्क भरावे लागू शकते, हे ग्राहकाला आधीच सांगा.

पावतीवर काय लिहिले आहे तेही वाचा. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीनंतर आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर जाहिरातीवरचा स्थानिक कर संपला. आता जे घेतले जाते ते परवानगीचे शुल्क असते. एजन्सीने जाहिरातीची जागा विकली तर तिच्या बिलावर १८ टक्के जीएसटी येतो, तो वेगळा.

प्रश्न : मोटारीच्या मागच्या काचेवर बारीक छिद्रांचे वन-वे व्हिजन स्टिकर लावले तर आतून सगळे दिसते. मग पोलीस चलान का करतात? (टूर व्यावसायिक, ठाणे)

कारण आतून किती दिसते यावर नियम थांबत नाही. काचेतून किती प्रकाश आरपार जातो, हे तो मोजतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर काचांवरच्या फिल्मवर कारवाई कडक झाली. १ एप्रिल २०२१ पासून नियमात दुरुस्ती होऊन प्रमाणित सेफ्टी ग्लेझिंगला (प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षा-काचेला) जागा मिळाली, पण ७० आणि ५० हे आकडे तसेच राहिले.

आता स्टिकरचे गणित पाहा. ‘६०:४०’ म्हणजे ६० टक्के छापील भाग आणि ४० टक्के छिद्रे. काच शंभर टक्के स्वच्छ मानली तरी ४० टक्क्यांपेक्षा जास्त प्रकाश जाणारच नाही. ‘५०:५०’ घेतले आणि काच स्वतः ७५ टक्के प्रकाश सोडत असेल, तर हाती येतात साडेसदतीस टक्के. म्हणजे मागची काच सोडा, बाजूच्या काचेलाही हे बसत नाही. पावसात छिद्रांत पाणी भरले की आरशातून मागचे दिसणे जवळजवळ बंद होते, ते निराळेच. दुकानाच्या काचेसाठी हे साहित्य उत्तम आहे. गाडीच्या काचा मात्र जाहिरातीतून पूर्ण वगळा. डिझाइनमधला चेहरा किंवा फोन नंबर काचेवर येत असेल तर तो पत्र्यावर उतरवा.

प्रश्न : पांढऱ्या गाडीला पूर्ण नारिंगी रॅप केला. रंग मारलेला नाही, स्टिकर आहे आणि काढता येतो. आरसीत बदल करावा लागेल का? (स्टार्टअप चालक, पिंपरी)

आरसीवर रंगाची नोंद असते आणि नाक्यावरचा माणूस ती समोरच्या गाडीशी ताडून पाहतो. स्टिकर की पेंट, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. मूळ रंग जवळपास झाकला जाणार असेल तर आधी आरटीओत वाहनातील बदलाचा अर्ज करून रंगाची नोंद करून घ्या. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ असे सांगते की मंजुरीशिवाय बदल झाला असेल तर तो १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवला पाहिजे. गाडी कर्जावर असेल तर बँकेचे संमतिपत्र जोडा.

ही यातायात नको असेल तर बॉनेट, छत आणि दारांचा मोठा भाग मूळ पांढरा ठेवा आणि ग्राफिक बाजूच्या पट्ट्यांत बसवा. चांगल्या डिझायनरला हे जमते, आणि छपाईचा खर्चही उतरतो. रंग कोणताही घ्या, पण ऑलिव्ह ग्रीन नको. नियम १२१ नुसार तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे.

विमा कंपनीलाही एक ईमेल करा. रॅपिंगची किंमत पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून नोंदवलेली नसेल, तर अपघातानंतर दार बदलून मिळेल, पण त्यावरचे ग्राफिक मिळणार नाही.

प्रश्न : एक एजन्सी रिक्षाच्या मागच्या हुडावर जाहिरात लावायला महिन्याला पैसे देते म्हणते. ‘परवानगी आमच्याकडे आहे’ असेही म्हणते. सही करू का? (रिक्षाचालक, कल्याण)

परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय सही करू नका. त्या प्रतीत तुमच्या रिक्षाचा नंबर आहे का, मुदत कधीपर्यंत आहे आणि गाडीच्या कोणत्या भागावर, किती मापाची जाहिरात मान्य आहे, या तीन गोष्टी वाचा. रिक्षा आणि टॅक्सी परमिटवर चालतात. परमिटच्या अटी प्रादेशिक परिवहन प्राधिकरण घालते, तुमच्या भागात मुंबई महानगर क्षेत्राचे प्राधिकरण. अट मोडली तर दंडाची नोटीस परमिटधारकाला येते, एजन्सीला येत नाही. आणि परमिटच्या अटींचा भंग मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९२-अ खाली गेला तर रक्कम १०,००० रुपयांच्या घरात जाते. महिन्याच्या जाहिरातभाड्याशी ती ताडून पाहा.

करार मराठीत मागा. त्यात चार वाक्ये असलीच पाहिजेत : जाहिरातीमुळे आलेले चलान एजन्सी भरेल, भाडे कोणत्या तारखेला खात्यात जमा होईल, मुदत संपल्यावर स्टिकर काढून गोंद स्वच्छ करून देण्याची जबाबदारी एजन्सीची, आणि पासिंगच्या आधी आरटीओने काढायला सांगितले तर ती स्वखर्चाने काढून देईल. नंबर, इंडिकेटर, मागचा लाल दिवा, परावर्तक आणि प्रवाशांसाठी लावलेली चालकाची माहिती यांपैकी काहीही झाकू देऊ नका. चढ-उतारासाठी मोकळी असलेली बाजू मोकळीच ठेवा. तिथे पडद्यासारखा फ्लेक्स बांधला तर वाऱ्याने तो फडफडतो आणि शेजारच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जातो.

प्रश्न : टेम्पोवर एलईडी स्क्रीन बसवून उद्घाटनाची प्रसिद्धी करायची आहे. गाडी चौकात संध्याकाळभर उभी ठेवली तर चालेल का? (इव्हेंट व्यवस्थापक, कोल्हापूर)

चौकात उभी ठेवणे चालणार नाही. उभ्या गाडीवरची जाहिरात म्हणजे परवान्याविना लावलेला फलकच, आणि वर रस्त्याला अडथळा. पार्किंगची जागा खासगी असेल तर जागामालकाचे पत्र घ्या आणि महापालिकेच्या परवानगीत त्या जागेचा उल्लेख करून घ्या.

स्टिकर आणि स्क्रीन यांत मोठा फरक आहे. स्क्रीनसाठी सांगाडा वेल्ड होतो, जनरेटर किंवा बॅटऱ्या चढतात, वजन आणि गुरुत्वमध्य बदलतो. हा कलम ५२ मधला बदल ठरतो आणि त्याला आरटीओची आधी मंजुरी लागते. मंजुरी नसेल तर कलम १८२-अ(४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. एकूण रुंदी २.६ मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे बाजूला उघडणारा स्क्रीन चालत्या गाडीत बंदच पाहिजे. दोन दिवसांच्या कार्यक्रमासाठी स्वतःच्या टेम्पोवर सांगाडा चढवू नका. आरसीत तशी नोंद असलेली तयार प्रचार-व्हॅन भाड्याने घ्या, आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ती आरसी पाहा.

आवाजाची परवानगी वेगळी, ती पोलिसांकडून. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्र असते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, म्हणजे साध्या बोलण्याच्या आसपास. गाडीवरचा भोंगा त्यात बसवणे कठीण आहे. आमचे मत विचाराल तर नुसता स्क्रीन ठेवा आणि आवाज बंद ठेवा.

प्रश्न : मजकुरावर काही बंधने आहेत का? (डिझायनर, छत्रपती संभाजीनगर)

आहेत, आणि ती गाडीच्या नियमांपेक्षा महाग पडतात. तंबाखूजन्य पदार्थ आणि दारू यांची जाहिरात नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाली. चमत्कारिक उपचारांचे दावे १९५४ च्या कायद्यात अडकतात. बिल्डरचे काम असेल तर महारेरा नोंदणी क्रमांक हवाच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तो गाडीच्या मागच्या बाजूला घ्या. बाजूला घेतला तर धावत्या गाडीवरून कोणी तो स्कॅन करू शकत नाही. १५ ऑगस्टच्या सुमारास तिरंग्याचे रॅप मागितले जातात. राष्ट्रध्वज गाडीच्या छतावर, बाजूंवर किंवा मागे पांघरता येत नाही, आणि व्यापारी जाहिरातीत तो वापरणेही वर्ज्य आहे. ग्राहकाला हे नम्रपणे सांगून नकार द्या.

निवडणुकीच्या काळात राजकीय मजकूर घेतला तर आचारसंहिता लागू होते. प्रचाराच्या गाडीची परवानगी निवडणूक यंत्रणेकडून घ्यावी लागते, आणि मूळ परवाना पुढच्या काचेवर दिसेल असा लावावा लागतो. छापील पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते लागतात.

प्रश्न : मेमध्ये रॅपिंग केले, पहिल्याच पावसात कडा उचलल्या आणि आत पाणी शिरले. दोष कशाचा? (मासळी वाहतूकदार, रत्नागिरी)

बहुधा तीनपैकी एकाचा : व्हिनाइलची जात, पृष्ठभाग किंवा कडा.

बाजारात दोन जाती मुख्य. कॅलेंडर्ड व्हिनाइल रोलरखाली दाबून पातळ केलेले असते. त्यात ताण शिल्लक राहतो, उन्हात ते आकसते, आणि कडेला गोंदाची काळी रेघ उघडी पडते. कास्ट व्हिनाइल द्रवरूपात ओतून भाजतात, म्हणून ते ताणरहित असते. जाडी साधारण ५० मायक्रॉन, वर लॅमिनेशन. सपाट फायबर बॉडीला चांगल्या प्रतीचे पॉलिमरिक कॅलेंडर्ड चालते. रिव्हेट, खोलगट नळ्या किंवा पन्हाळीचा पत्रा असेल तर कास्टच घ्या. लॅमिनेशनही त्याच जातीचे हवे. कास्टवर स्वस्त कॅलेंडर्ड लॅमिनेशन चढवले की दोन्ही वेगवेगळे आकसतात आणि कडा वळतात. काय लावले हे ओळखायला मागच्या बॅकिंग पेपरचा एक तुकडा मागून घ्या. त्यावर कंपनी आणि मालिकेचे नाव छापलेले असते. छपाईनंतर शाई पूर्ण सुकायला २४ ते ४८ तास न देता लॅमिनेशन केले तर आत अडकलेले सॉल्व्हंट गोंद मऊ करते. घाईच्या कामात नेमके हेच होते.

पृष्ठभागाची परीक्षा सोपी आहे. मास्किंग टेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंगाची भुकटी आली तर तिथे व्हिनाइल टिकणार नाही, आधी बॉडी रंगवून घ्या. नव्या रंगावर लगेच चिकटवू नका, तीन-चार आठवडे जाऊ द्या, नाहीतर फुगे येतात. तुमच्या गाडीत मासळीचा तेलकट ओलावा आणि मीठ असते. शाम्पूने धुऊन, वाळवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी दोनास एक या प्रमाणात घेऊन पुसा. सर्वांत शेवटी दाराचे रबर आणि रिव्हेटच्या भोवतालचा भाग हीट गनने कोरडा करा, कारण पाणी तिथेच लपून राहते.

लावताना खालचा तुकडा आधी आणि वरचा नंतर, कौले शाकारतात तसा, ६ ते १२ मिलिमीटर चढवून. मग पाणी वरून ओघळून जाते. पुढचा तुकडा मागच्यावर चढलेला हवा, म्हणजे वारा कडेत घुसत नाही. खोलगट जागी व्हिनाइल ताणून बसवल्यावर कास्टला ९५ ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत शेक द्यावा लागतो, नाहीतर ते पुन्हा मूळ आकारात येऊ पाहते. दारांच्या कडा आत वळवून घ्या. बाहेरच्या रेषेवर कापलेली कड पहिल्या धुलाईतच सुटते. पहिले दोन दिवस गाडी धुऊ नका. नंतरही प्रेशरचा फवारा फूटभर तरी लांबून मारा आणि कडेवर रोखू नका.

आता दुरुस्तीचे. उचललेल्या कडा परत चिकटवण्यात पैसे घालू नका, आत मीठ गेले आहे. तेवढा पूर्ण तुकडा गरम करून, लहान कोनात हळूहळू ओढून काढा, गोंद पुसा, आणि पाऊस ओसरल्यावर तोच तुकडा नव्याने छापून लावा. साहित्य मागवताना क्षेत्रफळावर १५ ते २० टक्के जास्त धरा.

प्रश्न : पुण्याची परवानगी पिंपरीत चालते का? (वितरक, चाकण)

नाही. परवानगी त्या महापालिकेच्या हद्दीपुरती असते. नगर परिषदेच्या हद्दीत नगर परिषदेकडे अर्ज करावा लागतो. गाडीचा नेहमीचा मार्ग कोणत्या हद्दींतून जातो ते आधी लिहून काढा, आणि माल उतरवायला जिथे थांबता तिथली परवानगी पहिल्यांदा घ्या. परवान्यांच्या रंगीत प्रती आणि डिझाइनचा मंजूर कागद गाडीत ठेवा. मूळ प्रती कार्यालयात, कारण पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाला त्याच लागतात.